थांबण्याची किंमत

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून २००८ साली अभिनयाचा अभ्यासक्रम पूर्ण करून जी मुलं मुंबईला आली, त्यांत राजकुमार राव, विजय वर्मा आणि जयदीप अहलावत होते. एक गुडगावचा, एक हैदराबादचा, एक रोहतककडचा. वर्ग एक, शिक्षक तेच, बाहेर पडल्याचं सालही एकच. राजकुमारला दोनच वर्षांत 'लव्ह सेक्स और धोखा' (२०१०) मिळाला आणि 'शाहिद'साठी २०१३ चा राष्ट्रीय पुरस्कारही. विजय वर्माचा चेहरा लोकांच्या लक्षात राहिला तो 'गली बॉय'मुळे, म्हणजे २०१९ साली. जयदीप अहलावतला 'पाताल लोक'मधल्या हाथीराम चौधरीसाठी २०२० उजाडावं लागलं. या तिघांत सरस कोण, यावर रात्रभर वाद घालता येईल. पण दहा वर्षांचा फरक पडावा इतकं अंतर त्यांच्या अभिनयात कुणालाही दाखवता येणार नाही.

हिंदी चित्रपटात ओळखपाळख नसलेला नट कसा वर येतो, या विषयावर वर्षानुवर्षं लिहिलं जातं. मुलाखतींमधून त्याची एक ठरावीक गोष्ट तयार झाली आहे: गाव सोडलं, उपाशी झोपलो, एके दिवशी कुणीतरी पाहिलं आणि नशीब उघडलं. या गोष्टीत मधली वर्षं दोन वाक्यांत संपतात. माझ्या मते सगळा प्रश्न त्या मधल्या वर्षांचाच आहे. नट किती काळ थांबू शकतो, थांबला असताना काय करतो आणि त्या काळात त्याचं घरभाडं कोण भरतं, या तीन गोष्टींवर बाकीचं बरंचसं ठरतं. गुणवत्ता लागतेच. ती नसेल तर थांबूनही उपयोग नाही. पण गुणवत्ता असलेले आणि थांबू न शकलेले किती परत गेले, याची नोंद कुठेच होत नाही.

एके काळी थांबण्याचा खर्च स्टुडिओ करायचा. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली उभारलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये नट पगारावर असत. अशोककुमार तिथे प्रयोगशाळेत काम करत होते. 'जीवन नैया'चा नायक ऐन वेळी चित्रपट सोडून गेला म्हणून १९३६ साली त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं गेलं. फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा युसूफ खान, म्हणजे पुढचा दिलीपकुमार, १९४२ साली देविका राणींना भेटला, तेव्हा त्याला महिना १,२५० रुपयांची नोकरी मिळाली. 'ज्वार भाटा' त्यानंतर दोन वर्षांनी, १९४४ मध्ये आला. मधल्या काळात त्याने दुसऱ्यांचं चित्रीकरण पाहिलं आणि काम शिकून घेतलं, तेही पगार घेऊन. पुण्यात 'प्रभात'ने देव आनंदला 'हम एक हैं'मध्ये (१९४६) पहिली संधी दिली. स्टुडिओ मोडले तशी ही सोयही गेली. नट 'फ्रीलान्स' झाला, म्हणजे रिकाम्या दिवसांची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या खिशावर आली.

पुढे स्पर्धा आल्या. फिल्मफेअरच्या गुणवत्ता शोधातून धर्मेंद्र आले. निर्मात्यांच्या संघटनेसोबत भरवलेल्या १९६५ च्या स्पर्धेत राजेश खन्ना जिंकले, तरी 'आराधना' (१९६९) येईपर्यंत त्यांना चार वर्षं लागलीच. अमिताभ बच्चन 'सात हिंदुस्तानी'तून (१९६९) आले आणि 'जंजीर'पर्यंत (१९७३) त्यांचे बहुतेक चित्रपट पडत राहिले. त्या काळात 'सात हिंदुस्तानी'तले सहकलाकार, मेहमूद यांचे भाऊ अन्वर अली यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला होता. महानायकाच्या चरित्रात ही तळटीप वाटते. मला ती मुख्य मजकुरातली वाटते. डोक्यावर छप्पर नसतं, तर १९७१ सालीच परतीचं तिकीट काढावं लागलं असतं.

संस्थांनी वेगळं काम केलं. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चं, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० ची, तीही 'प्रभात'च्याच आवारात. जया भादुरी, शबाना आझमी, मिथुन चक्रवर्ती पुण्यातून बाहेर पडले. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी दोन्हीकडे शिकले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याचा अभिनय अभ्यासक्रम बंद पडला आणि जवळजवळ पाव शतक बंदच राहिला. वर उल्लेखलेली २००८ ची मुलं तो पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या तुकड्यांतली. एक अभ्यासक्रम बंद असल्याने किती पिढ्यांचं नुकसान झालं असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

संस्थेत शिकल्याने काम मिळतं, असा मात्र एक भ्रम आहे. इरफान खान नाट्य विद्यालयातून १९८७ च्या सुमारास बाहेर पडले. 'सलाम बॉम्बे'त (१९८८) त्यांच्या वाट्याला पत्रं लिहून देणाऱ्याची छोटी भूमिका आली. मग दूरदर्शनच्या मालिका, 'चाणक्य', 'चंद्रकांता', आणखी कितीतरी. 'द वॉरियर' २००१ चा, 'हासिल' २००३ चा. पंधरा वर्षं झाली. नवाझुद्दीन सिद्दीकी १९९६ साली त्याच विद्यालयातून निघाले. 'सरफरोश' (१९९९) आणि 'मुन्नाभाई एमबीबीएस'मध्ये (२००३) ते काही क्षण दिसतात. 'कहानी' आणि 'गँग्ज ऑफ वासेपूर' २०१२ चे. त्याआधी त्यांनी बडोद्यात केमिस्टची नोकरी केली होती आणि पहारेकऱ्याचीही. पंकज त्रिपाठी २००४ मध्ये मुंबईत आले तेव्हा पत्नी शाळेत शिकवत होती आणि तिच्या पगारावर घर चालत होतं, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. यशाच्या गोष्टीत अशा पगारांची नावं यायला हवीत. अनेक नटांमागे नोकरी करणारी बायको, शेत विकणारे वडील, खोलीचं भाडं वाटून घेणारे चार मित्र असतात. त्यांना कुणी पुरस्कार देत नाही.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर येऊ. आजच्या नटाचं भौगोलिक जग अंधेरी पश्चिमेत मावतं: चार बंगला, सात बंगला, यारी रोड, लोखंडवाला, ओशिवरा आणि वर्सोव्यातलं आराम नगर. आराम नगरातल्या जुन्या बैठ्या घरांत कास्टिंगची ऑफिसं आहेत. सकाळपासून मुलं तिथे फिरत असतात, पाठीवर सॅक, सॅकमध्ये एक फॉर्मल शर्ट आणि एक कुर्ता. दारावरच्या सहायकाने चेहऱ्याकडे पाहून 'नॉट फिट' म्हटलं की पुढचं दार. आत घेतलंच तर कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची, शहर सांगायचं, डावी-उजवी बाजू दाखवायची, मग हातात आलेल्या चार ओळी. क्यू देणारा बहुधा दमलेला असतो, कारण सकाळपासून त्याने त्याच ओळी पन्नास जणांना दिलेल्या असतात. त्या सपाट आवाजाला उत्तर देताना आपलं वाक्य जिवंत ठेवणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि ते कुठल्याही नाट्यशाळेत नीट शिकवलं जात नाही. रंगमंचावरून आलेली चांगली मुलं इथे अडतात. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज आणि हातवारे हीच त्यांची सवय असते, आणि इथे कॅमेरा चेहऱ्यापासून दोन हातांवर असतो.

तरीही ही पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा पुष्कळ बरी आहे. पूर्वी निर्मात्याच्या ऑफिसात फोटोंचा जाड अल्बम ठेवून यायचा आणि को-ऑर्डिनेटरच्या मर्जीवर राहायचं. 'बँडिट क्वीन'साठी (१९९४) तिग्मांशू धुलिया यांनी दिल्लीच्या रंगभूमीवरून नट निवडून आणले, तेव्हा नटनिवड हे स्वतंत्र काम आहे याची हिंदीत जेमतेम जाणीव होत होती. २००० नंतर ती रुजली. मुकेश छाबडा, हनी त्रेहान, शानू शर्मा, नंदिनी श्रीकेंत ही नावं श्रेयनामावलीत दिसू लागली आणि अनोळखी चेहऱ्याला निदान एक दार मिळालं. कोविडनंतर ऑडिशन मोबाइलवर चित्रित करून पाठवण्याची रीत पक्की झाली. आता नांदेडच्या मुलीलाही घरातल्या भिंतीपुढे उभं राहून ऑडिशन देता येते. मात्र ती पाठवल्यावर बहुतेकदा काहीच कळत नाही, नकारसुद्धा.

फसवणुकीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण लहान गावांतली मुलं अजूनही तिला बळी पडतात. कास्टिंगचा मोबदला निर्मिती संस्था देते. नटाकडून नावनोंदणी, कार्ड, कार्यशाळा किंवा पोर्टफोलिओच्या नावाखाली भूमिकेसाठी पैसे मागणारा माणूस भूमिका देणार नसतो. याला अपवाद नाही.

काम मिळाल्यावर पैसे लगेच मिळतात, असंही नाही. मालिकांच्या व्यवसायात मानधन नव्वद दिवसांनी देण्याची रीत रुळलेली आहे. आज केलेल्या कामातून तीन महिन्यांनंतरचं भाडं भरायचं आणि या महिन्याचं उसनवारीवर. 'सिन्टा' ही नटांची संघटना थकलेल्या पैशांच्या तक्रारी घेते, पण नवखा नट तक्रार करायला कचरतो. पुढचं काम जाईल ही भीती खरी असते. म्हणून शहाणी मुलं जाहिरात, डबिंग, शाळांतल्या नाट्यकार्यशाळा अशी एखादी नियमित मिळकत आधी लावून घेतात. यात कमीपणा कसला? बोमन इराणी ताजमध्ये वेटर होते, मग त्यांनी घरचं दुकान सांभाळलं, छायाचित्रणाचा व्यवसाय केला, नाटकं केली, आणि 'मुन्नाभाई एमबीबीएस'चे डॉ. अस्थाना झाले तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती. पोट भरलेलं होतं म्हणून त्यांना हवी ती भूमिका येईपर्यंत थांबता आलं.

थांबण्याच्या काळात माणूस एकटा असेल तर तो झिजतो. ज्यांचं काम झालं त्यांच्याकडे नीट पाहिलं तर बहुतेकांच्या मागे एक टोळी दिसते. मनोज बाजपेयींना नाट्य विद्यालयाने पुन्हा पुन्हा नाकारलं, पण दिल्लीत बॅरी जॉन यांच्याकडे आणि हौशी नाट्यसंस्थांत त्यांनी रियाज केला. 'बँडिट क्वीन'मध्ये त्याच वर्तुळातले लोक होते. 'सत्या' (१९९८) लिहिणाऱ्या दोघांपैकी सौरभ शुक्ला त्या चित्रपटात कल्लूमामा झाले, दुसरे अनुराग कश्यप. कश्यप यांनी २०१२ मध्ये 'गँग्ज ऑफ वासेपूर' केला तेव्हा मनोज बाजपेयींच्या भोवती नवाझुद्दीन, पंकज त्रिपाठी, रिचा चढ्ढा, हुमा कुरेशी, जयदीप अहलावत, राजकुमार राव, विनीत कुमार सिंह अशी फळीच उभी राहिली. विकी कौशल त्या चित्रपटाचा सहायक दिग्दर्शक होता. एका चित्रपटाने इतक्या जणांना आधार दिल्याचं दुसरं उदाहरण अलीकडच्या हिंदीत मला आठवत नाही. त्यांतल्या विनीत कुमार सिंह यांची वाटचाल फार शिकण्यासारखी आहे. आयुर्वेदाची पदवी असलेला हा माणूस वर्षानुवर्षं छोटी कामं करत राहिला. मग त्याने बहिणीबरोबर एका मुष्टियोद्ध्याची कथा लिहिली आणि नायक मीच असेन ही अट सोडली नाही. 'मुक्काबाज' त्यातून झाला. भूमिका कुणी देत नसेल तर ती स्वतः लिहायची, हा मार्ग पूर्वी अपवादाने दिसायचा. आता तो अनेकांसाठी खुला आहे.

घराणेशाहीचा मुद्दा इथे टाळता येणार नाही. २०१७ मध्ये कंगना राणावत यांनी तो दूरचित्रवाणीवरच्या गप्पांत मांडला आणि २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर त्यावर इतका गोंगाट झाला की मूळ प्रश्न बाजूलाच पडला. कलाकारांची मुलं अपयशी होतात, त्यांची यादी लांब आहे. पण त्यांना दुसरी, तिसरी, चौथी संधी मिळते, आणि बाहेरच्याचा पहिला चित्रपट पडला की बहुधा तोच शेवटचा ठरतो. फरक आहे तो चुकण्याच्या परवानगीचा. आपल्याकडचं एक उदाहरण फार बोलकं आहे. नागराज मंजुळे यांनी 'सैराट'साठी (२०१६) अकलूजच्या रिंकू राजगुरूला आणि आकाश ठोसरला निवडलं. दोघांनीही त्याआधी चित्रपटात काम केलेलं नव्हतं. मराठी प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. त्याच कथेवर हिंदीत 'धडक' (२०१८) झाला तेव्हा नायिका श्रीदेवी आणि बोनी कपूर यांची मुलगी होती, नायक शाहिद कपूरचा भाऊ. अनोळखी मुलं घेऊन कथा चालते, याचा पुरावा समोर असताना ही निवड झाली. जातीची गोष्ट सांगणारा चित्रपट हिंदीत जाताना ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांच्याच घरी गेला, याचं मला अजूनही दुःख होतं.

मराठी नटाची या वाटेवरची स्थिती थोडी निराळी आहे. त्याला घर लांब नाही, भाड्याला पैसे नसले तरी ठाणे, डोंबिवली किंवा पुण्यात कुणीतरी असतं. त्याच्याकडे रंगभूमी आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, राज्य नाट्यस्पर्धा आहेत, विद्यापीठांची नाट्यकेंद्रं आहेत, व्यावसायिक नाटक आणि मालिका आहेत. म्हणजे थांबताना हाताला काम असतं. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेले डॉ. श्रीराम लागू रंगभूमीवरून हिंदीत गेले. सदाशिव अमरापूरकर यांना गोविंद निहलानींनी मराठी नाटकात पाहिलं आणि 'अर्धसत्य'मधला (१९८३) रामा शेट्टी दिला. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी स्मिता पाटील श्याम बेनेगल यांच्या नजरेस पडली. यांतलं कुणीही हिंदीच्या दारात रिकाम्या हाताने उभं नव्हतं.

पण हिंदीने मराठी नटाला एका चौकटीतही कोंबलं. वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याला हवालदार आला आणि मराठी अभिनेत्रीच्या वाट्याला मोलकरीण. मराठी वळणाचं हिंदी हसण्यासाठी वापरलं गेलं. उच्चारांवर मेहनत घ्यायलाच हवी, नुक्ता आणि 'है-हैं' कानाला कळायला हवेत. तेवढं केलं तर मराठी वळणही ताकद ठरू शकतं. 'सेक्रेड गेम्स'मध्ये (२०१८) जितेंद्र जोशी यांनी केलेला काटेकर हवालदारच आहे, पण त्याला घर आहे, विनोद आहे, थकवा आहे. त्या मालिकेतून परत परत आठवतो तो काटेकर. उलट टोकाला 'सारांश' (१९८४) आहे. शिमल्याच्या अनुपम खेर यांनी अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त मराठी शिक्षक बी. व्ही. प्रधान उभा केला. भूमिकेची भाषा आणि वय नटाला अडवत नाहीत, तयारीची कमतरता अडवते.

वयाची ही मोकळीक स्त्रियांना मात्र उलट्या दिशेने मिळते. 'वास्तव'मध्ये (१९९९) रीमा लागू संजय दत्तच्या आई होत्या. दोघांच्या वयात जेमतेम वर्षाचं अंतर. 'गली बॉय'मध्ये अमृता सुभाष रणवीर सिंगची आई झाल्या, त्या त्याच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. दोघींनी ही कामं अप्रतिम केली. पण नायक पन्नाशीतही नायक राहतो आणि अभिनेत्री चाळिशीच्या आत आई होते, तेव्हा थांबण्याचा सगळा हिशेबच तिच्यासाठी बदलतो. इरफान यांना पंधरा वर्षं मिळाली. मुलीला पंधरा वर्षं कोण देतं? नीना गुप्तांनी २०१७ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, समाजमाध्यमावर जाहीरपणे काम मागितलं. पुढच्याच वर्षी 'बधाई हो' आला. त्यांच्या धाडसाला सलाम, पण इतक्या वर्षांच्या कामानंतर तसं मागावं लागावं, हेच खटकतं.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१८ च्या मीटू लाटेत हिंदी चित्रपटातल्या अनेक जणींनी तोंड उघडलं. कामाच्या जागी लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ चा आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे भाड्याच्या फ्लॅटमध्ये ऑडिशनला जाणाऱ्या किती मुलींना माहीत असतं? केरळ सरकारने २०१७ मध्ये तिथल्या चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या प्रश्नांवर हेमा समिती नेमली. तिचा अहवाल उशिरा का होईना, २०२४ मध्ये लोकांपुढे आला. मुंबईतही तितक्याच गांभीर्याने कुणीतरी विचारपूस करायला हवी.

ओटीटीने २०१८ नंतर काही वर्षं दारं सताड उघडली. गुजराती रंगभूमीवर वर्षानुवर्षं काम करणारे प्रतीक गांधी 'स्कॅम १९९२'मुळे (२०२०) देशभर पोहोचले. लांब मालिकेला दहा-पंधरा भक्कम नट लागतात आणि ते ताऱ्यांच्या घरांतून मिळत नाहीत. पण आता तिथेही ओळखीच्या चेहऱ्यांची मागणी वाढली आहे, आणि कास्टिंगच्या फॉर्मवर उंचीखाली फॉलोअरची संख्या विचारली जाऊ लागली आहे. रील करणाऱ्या मुलांबद्दल मला आकस नाही. कॅमेऱ्यापुढे सहज वावरायला ती शिकतात. पण तीस सेकंदांत लक्ष वेधणं आणि दोन तास एक माणूस जगणं या निराळ्या विद्या आहेत, आणि दुसरीला वेळ लागतो.

हा वेळ कुणीतरी पुरवायला हवा. स्टुडिओ आता तो पुरवणार नाहीत. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८ पासून नटांना एक हक्काची जागा देत आलं आहे, पण ती रंगमंचाची, राहण्याची नव्हे. महाराष्ट्र सरकारकडे गोरेगावची चित्रनगरी आहे, १९७७ पासून. तिथे चित्रीकरणासाठी तलाव आहे, मंदिर आहे, खोटी गावं आहेत. तिथेच किंवा आसपास दोनशे नवख्या नटांसाठी स्वस्त भाड्याचं वसतिगृह, सरावाची दोन सभागृहं, मुलींसाठी वेगळा मजला, तक्रार ऐकणारी माणसं आणि थकलेल्या मानधनावर सल्ला देणारा एक वकील, एवढं उभं करणं या राज्याच्या आवाक्यातलं आहे. दोन वर्षांची मुदत ठेवावी, प्रवेश ऑडिशनवर द्यावा आणि निम्म्या जागा मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलामुलींना राखाव्यात.